दार उघडलं की फ्यूज जायचा

आईच्या हातांना कंप आहे. पार्किन्सन्सचं निदान झाल्यापासून गॅसच्या शेगडीपाशी तिनं एकटीनं जायचं नाही, असं आमचं दोघींचं ठरलंय. मी सकाळी साडेनऊला सांगलीहून मिरजेला शाळेत जाते, परत यायला सहा वाजतात. मधला सगळा दिवस ती आणि मायक्रोवेव्ह. दुपारी वाटीभर आमटी नि भात, चारला हळद घातलेलं दूध. बटण तिला एकच ठाऊक, तीस सेकंदांचं. ते दाबायचं, समोर स्टुलावर बसून वाटी फिरताना बघायचं, पुरेसं गरम झालंसं वाटलं की दार उघडायचं. त्यामुळं आमच्या घरात हा ओव्हन चैनीची वस्तू नाही. तो बंद पडला की आईला गार जेवावं लागतं, नाहीतर शेजारच्या काकूंना हाक मारावी लागते, आणि हाक मारणं तिला अजिबात आवडत नाही.

गेल्या जूनमध्ये एका दुपारी तिचा फोन आला. "अगं, दार उघडलं आणि आतनं फट् असा आवाज आला. आता दिवासुद्धा लागेना."

संध्याकाळी येऊन पाहिलं तर खरंच सगळं थंड. घड्याळाचे आकडे नाहीत, आतला दिवा नाही. त्याच सॉकेटला मिक्सर लावला तर तो चालला. ओळखीतून एक मेकॅनिक आला, त्यानं जळका फ्यूज दाखवला, नवा बसवला, चारशे रुपये घेतले. व्होल्टेज वरखाली झालं असेल म्हणाला. बारा दिवस ओव्हन नीट चालला. मग परत दार उघडताना तोच आवाज. दुसरा फ्यूज, आणखी चारशे. तो तीन दिवस टिकला. तिसऱ्या खेपेला मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, आत एक स्विच असतोय, त्याच्यामुळंच फ्यूज जायलाय. तो काढून टाकतो. परत तक्रार येणार न्हाई."

"पण तो स्विच असतो कशासाठी?"

"कंपनी घालतीय. त्याच्याबिगर चालतंय की."

मला तेव्हा आतलं काही कळत नव्हतं. पण मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, आणि एखादा भाग काढून टाकल्यावर यंत्र जास्त चांगलं चालतं हे काही पटेना. राहू द्या म्हटलं, त्याच्या येण्याजाण्याचे दोनशे दिले आणि ओव्हन ओट्याच्या कोपऱ्यात सरकवून ठेवला.

पुढचे आठ दिवस शाळेतून आल्यावर मी फक्त वाचत होते. ओव्हनचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं, त्यातला सर्किटचा नकाशा वहीत दोनदा स्वतः काढला. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. मेकॅनिक ज्याच्याविषयी बोलत होता त्याला मॉनिटर स्विच म्हणतात, आणि गरज पडली तर फ्यूज उडवणं हेच त्याचं काम आहे.

ओव्हनच्या दाराला दोन आकडे असतात. दार लावलं की ते चौकटीच्या भोकांतून आत जातात आणि तिथले तीन छोटे स्विच दाबतात. आमच्या ओव्हनमध्ये पहिला, म्हणजे प्रायमरी, थेट २३० व्होल्टच्या लाइनवर आहे. दुसरा कंट्रोल बोर्डाला कळवतो की दार बंद आहे. तिसरा मॉनिटर, आणि तो उलट्या स्वभावाचा: बाकीचे दोघे दाबल्यावर जोडले जातात, हा दाबल्यावर तुटतो. दार उघडलं की आधी प्रायमरीनं लाइन तोडायची, मग मॉनिटरनं जुळायचं. प्रायमरी तुटलेला असेल तर मॉनिटर जुळून काहीच होत नाही, कारण तिथं वीजच पोचलेली नसते. पण प्रायमरी चिकटून बसला असेल आणि दार उघडं असूनही वीज आत येत असेल, तर मॉनिटर सरळ शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. मुद्दाम. उघड्या दारानं मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, चालू राहू नये म्हणून.

हे वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मॅग्नेट्रॉनमधून निघणाऱ्या २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी आमटीतल्या पाण्याला तापवतात तशाच डोळ्यालाही तापवतील. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळं तिथली उष्णता वाहून न्यायला काही नाही. आणि आई दारासमोर हातभर अंतरावर स्टूल टाकून बसते. तो एक स्विच काढून टाकला असता, तर पुढं कधीतरी बोर्डावरचा रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटल्यावर दार उघडं आणि लहरी चालू, असं झालं असतं. आम्हाला कळलंही नसतं. तीनदा फ्यूज उडाला तो बिघाड नव्हता. तीनदा त्या पंधरा रुपयांच्या वस्तूनं माझ्या आईला वाचवलं होतं, आणि आम्ही त्यालाच दोष देत होतो.

त्याआधी माझा संशय ओलीवर होता. ओव्हन २०१८ सालचा. आमचं घर गावभागात. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी खालच्या खोल्यांत शिरलं तेव्हा ओव्हन माडीवर नेला होता, पण नंतर कितीतरी दिवस भिंती ओल्या होत्या. पुरानंतर आमच्याकडं कुठलीही वस्तू बिघडली की आधी पुराकडंच बोट जातं. तळाच्या पत्र्याला थोडा गंज होताही. त्याचा या दुखण्याशी काडीचा संबंध निघाला नाही.

मारुती रोडच्या आतल्या एका गल्लीत सुट्या भागांचं जुनं दुकान आहे. गल्ल्यावरच्या काकांना मी वहीतला नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट वाचला, मग माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुम्ही स्वतः उघडणार?"

"हो काका."

"मग आधी कपॅसिटरचं बोला. स्विचचं मागनं बघू."

पुढची वीस मिनिटं त्यांनी गिऱ्हाइकं थांबवून मला शिकवलं. ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे दोन हजारांच्या आसपास करतो, कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, आणि डायोड मिळून ते आणखी वाढवतात, मॅग्नेट्रॉनला चार हजारांच्या घरात व्होल्टेज मिळतं. टीव्हीपेक्षा, मिक्सरपेक्षा हा वेगळा प्राणी आहे. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो आणि तो माणसाला मारू शकतो. कपॅसिटरच्या पोटात दहा मेगोहमचा रेझिस्टर असतो, तो चार्ज हळूहळू जिरवतो. मी मनात हिशेब केला: कपॅसिटर एक मायक्रोफॅरडचा, म्हणजे टाइम कॉन्स्टंट दहा सेकंद (दर दहा सेकंदांनी चार्ज साधारण एक तृतीयांशावर येतो), मिनिटभरात नगण्य उरायला हवा. काकांना तसं बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "बरोबर हाय. पण तो रेझिस्टर तुटलेला असला तर? हिशेबावर हात घालायचा न्हाई. डिस्चार्ज करायचा, आणि मग हात घालायचा."

मग स्विच. काउंटरवर त्यांनी दोन ठेवले, दिसायला जुळे. एक १६ अँपिअरचा, दुसरा ५ अँपिअरचा. अंगावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय फरक कळत नाही. ओव्हनला १६चाच लागतो. शिवाय दाबल्यावर जुळणारा आणि दाबल्यावर तुटणारा हे दोन प्रकारही बाहेरून सारखेच. अदलाबदल झाली तर मॉनिटरच्या जागी प्रायमरी बसेल. काकांनी मीटर लावून तिन्ही स्विच मला तपासून दाखवले आणि मॉनिटरवर मार्करनं 'मॉ' लिहून दिलं. मी दोनच मागत होते; ते म्हणाले तिन्ही बदला, जुने सगळे एकाच वयाचे आहेत. मॉनिटर तर बदलायलाच हवा, कारण फ्यूज उडतो तेव्हा तो सगळा शॉर्टचा करंट प्रायमरी आणि मॉनिटर दोघांच्या पॉइंटांतून, म्हणजे आत एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांतून, जातो. तेव्हा मला पहिला फ्यूज बारा दिवस आणि दुसरा तीनच दिवस का टिकला ते उमगलं. दर वेळी नवा फ्यूज टाकून आम्ही त्या पॉइंटांना आणखी एक चटका देत होतो.

फ्यूज सिरॅमिकचे घेतले, ८ अँपिअरचे, मूळ फ्यूजवर जे लिहिलं होतं तेच. काचेचा स्वस्त मिळतो, पण एवढ्या मोठ्या शॉर्टला तो फुटू शकतो. तीन स्विच आणि तीन फ्यूज, सगळे मिळून एकशे ऐंशी रुपये.

रविवारी सकाळी आईला खाऊपिऊ घालून, ओव्हन जेवणाच्या टेबलावर घेतला. प्लग काढून तो आईच्या हातात दिला. "मी सांगेपर्यंत हा तुझ्याकडं." गंमत म्हणून नव्हे; मला खरंच माझ्या नजरेसमोर, दुसऱ्या माणसाच्या हातात तो हवा होता. ती दीड तास तो मांडीवर धरून बसली.

कव्हर काढायला एक स्क्रू आडवा आला. सहा कोपऱ्यांची खाच आणि मधोमध एक टोक, म्हणजे साध्या पेचकसानं निघू नये अशी सोय. त्यासाठी भोक असलेला बिट लागतो, तो मी आधीच आणला होता. कव्हर उचललं. उजवीकडं खाली जड ट्रान्सफॉर्मर, मागं पंखा, वर पातळ पत्र्यांच्या जाळीतला मॅग्नेट्रॉन, आणि पंख्याच्या बाजूला लोखंडी डबीसारखा कपॅसिटर. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सगळं काढून ठेवलेलं. डावा हात पाठीमागं. रबरी मुठीच्या लांब पेचकसाची मूठ उजव्या हातात घट्ट धरून, त्याच्या दांड्यानं कपॅसिटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली. काही झालं नाही. मग एकेक टोक पत्र्याच्या बॉडीला. तरीही काही नाही. पुन्हा एकदा तेच. मग मीटरनं पाहिलं: शून्य. एवढ्या वेळात मी श्वास कितीदा घेतला ते सांगता येणार नाही. ज्यांना या पायरीची खात्री वाटत नसेल त्यांनी कव्हर उघडू नये, हे मी इथं हात जोडून सांगते. आणि मॅग्नेट्रॉनच्या सिरॅमिकला हात लावायचा नाही, फोडायचा तर मुळीच नाही; काही मॅग्नेट्रॉनमध्ये त्यात बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

आता खरी परीक्षा, आणि ती विजेशिवाय करता येते हे मला सगळ्यात आवडलं. नवा फ्यूज बसवला. मीटर बीपवर ठेवून (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो) त्याच्या दोन तारा प्लगच्या दोन सपाट पिनांना लावल्या. आईनं प्लग धरला, मी दार हलवलं. दार बंद: मीटर गप्प. दार उघडं: बीप. म्हणजे उघड्या दाराला लाइन आणि न्यूट्रल थेट जोडलेले. याच क्षणी भिंतीतली वीज असती तर तोही फ्यूज गेला असता. मी चार वेळा दार उघडलं, चार वेळा बीप आला. आई म्हणाली, "सापडलं वाटतं?" सापडलं होतं.

तारांचे मोबाइलवर सहा फोटो काढले. प्रायमरीच्या दोन्ही तारा ओढून काढल्या. त्यांच्या चिमट्याला मधे एक जीभ असते, ती नखानं दाबल्याशिवाय निघत नाहीत, आणि जोर लावला तर स्विचची पातच वाकते. एकट्या स्विचवर मीटर लावला: दार उघडं असूनही बीप. पेचकसाच्या मुठीनं स्विचला हलकेच टकटक केलं तर बीप थांबला. दार लावून उघडलं, परत सुरू. पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते, कधी सुटत, कधी नाही.

मधला वेळ फक्त बदलाबदलीचा. लॅचची, म्हणजे दाराचे आकडे जिथं अडकतात ती, प्लास्टिकची चौकट दोन स्क्रूंवर असते; ती काढली, जुने स्विच कडीतून सोडवले, नवे बसवले, एका वेळी एकच, फोटो बघत. जुन्या प्रायमरीच्या जागी नवा प्रायमरी लावून मगच पुढच्याला हात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पुढच्या गोष्टीला. लॅचच्या चौकटीची स्क्रूची भोकं लांबट असतात, त्यामुळं ती मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागंपुढं सरकते. तेवढ्या अंतरावर सगळी गंमत आहे. दार अगदी हळू, केसाएवढं उघडत जायचं आणि ऐकायचं: आधी प्रायमरीची टिक, त्यानंतर मॉनिटरची. मॉनिटर आधी जुळला तर स्विच नवे कोरे असूनही फ्यूज उडणार. पहिल्या बसवणीत मला दोन्ही टिक एकत्र ऐकू आल्या. एका मीटरवर दोन्ही स्विच पाहता येत नाहीत म्हणून दाराच्या कडेला पट्टी लावली, प्रायमरी कुठं तुटतो तिथं पेन्सिलची खूण केली, मग तारा बदलून मॉनिटर कुठं जुळतो तिथं दुसरी खूण. खुणा एकमेकींवर. चौकट किंचित बाहेर ओढून स्क्रू आवळले, परत खुणा. तिसऱ्या प्रयत्नात दोन खुणांमध्ये स्वच्छ फट दिसली. मग दार लावून हलवून पाहिलं, सैल तर राहिलं नाही ना. घट्ट होतं. पुन्हा प्लगच्या पिनांवर मीटर. दार बंद, उघडं, बंद, उघडं. दहा वेळा. एकदाही बीप नाही.

तरीही थेट भिंतीत प्लग घालायला धीर होईना. काकांनी सांगितलं होतं तसा सिरीज बोर्ड केला, १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब ओव्हनच्या वाटेत. शॉर्ट असला तर बल्ब भपकन पूर्ण पेटतो आणि फ्यूज वाचतो. कव्हर घालून, आईकडून प्लग घेऊन लावला. दार उघडं: ओव्हनच्या आतला दिवा लागला, बाहेरच्या बल्बची तार जेमतेम लाल. दार लावलं, उघडलं. तसंच. या बोर्डावर ओव्हन तापवायचा नसतो, तेवढं पाहून तो काढला.

अर्थिंग मात्र तेवढ्यात तपासून घेतलं, इलेक्ट्रिशियनला बोलावून. ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेजच्या बाजूचं एक टोक ओव्हनच्या पत्र्यालाच जोडलेलं असतं, म्हणून या उपकरणाला अर्थिंग नसणं इतर कशाहीपेक्षा वाईट. आमचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत झालेला. आता कुंड्यांना पाणी घालताना एक बादली तिथंही जाते.

मग थेट वीज. एक लिटर पाणी मापून भांड्यात ओतलं, शाळेतला थर्मामीटर: २६ अंश. पूर्ण शक्तीवर एक मिनिट. ढवळून पुन्हा मोजलं: ३६.५. लिटरभर पाणी मिनिटात जितके अंश तापतं त्याला सत्तरनं गुणलं की वॉट मिळतात, म्हणजे ७३५. ओव्हनवर ८०० लिहिलंय, थोडी उष्णता भांडं घेतं, थोडी हवा. मॅग्नेट्रॉन ठणठणीत होता.

दारातून लहरींची गळती होते का ते बघायला काकांनी त्यांचा छोटा मीटर दोन दिवस वापरायला दिला. आत पाण्याचा पेला ठेवून, दाराच्या चारी कडांवरून पाच सेंटिमीटरवर तो फिरवला. मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटची आहे. काटा तिच्या जवळपासही गेला नाही. काही जण बंद ओव्हनमध्ये मोबाइल ठेवून रिंग वाजते का बघतात, त्यावर मी विसंबले नाही. फोनला अगदी क्षीण लहरीही पुरतात, त्यावरून ओव्हनच्या सुरक्षिततेचं काही ठरत नाही.

जुना प्रायमरी मी काकांना नेऊन दिला. त्यांनी ब्लेडनं त्याचं पोट उघडलं. आत चांदीसारखे चमकायला हवेत ते पॉइंट काळे, आणि एकाच्या टोकाला वितळलेला थेंब. "चालू असताना दार उघडता काय वो?" त्यांनी विचारलं. मी एकदम गप्प झाले. आई तेच करत होती, दिवसातून चार-पाच वेळा, सात वर्षं. वाटी पुरेशी गरम झाली की थेट दार. तेव्हा चालू करंट तोडण्याचा भार त्या पॉइंटांवर पडतो आणि दर वेळी एक बारीक ठिणगी. तिची चूक नाही. तिला दुसरं बटण कधी कुणी दाखवलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी आईच्याच पाकिटातली सगळ्यात मोठी लाल टिकली काढून मी 'स्टॉप'च्या बटणावर चिकटवली. "आधी कुंकू, मग दार," मी म्हटलं. पहिले दोन दिवस ती विसरली. तिसऱ्या दिवशी मी उभी होते. दूध फिरत होतं, तिचा थरथरता अंगठा टिकलीवर दोनदा घसरला, तिसऱ्यांदा बसला. आतली घरघर थांबली. मग तिनं दार उघडलं, पेल्याला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "अजून दहा सेकंद हवे होते."

उरलेले दोन फ्यूज मी ओव्हनमागच्या डब्यात ठेवलेत. काकांनी मारलेली स्टेपलची पिन त्या पुडीला अजून तशीच आहे.